फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचे किट वारंवार जळत असेल, तर तपासणी कोठून सुरू करावी

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भातील तालुक्याच्या गावांमधील दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार सर्वाधिक येते. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेला इन्व्हर्टर फ्रिज किंवा ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन अचानक बंद पडते, मेकॅनिक 'किट उडालं', म्हणजे यंत्र चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी जळाली, असे सांगतो, काही हजार रुपये मोजून नवे किट बसवले जाते आणि पुढच्या हंगामात तेही जळते. ग्राहक कंपनीला दोष देतो, कंपनीचा माणूस गावच्या लाईनला दोष देतो, आणि तिसऱ्यांदा किट घ्यायचे की नवा फ्रिज, हा प्रश्न शिल्लक राहतो. माझे म्हणणे एवढेच आहे की एकदा जळलेले किट हा उपकरणाचा दोष असू शकतो, परंतु त्याच जागी दुसऱ्यांदा जळलेल्या किटचे कारण बहुधा किटच्या बाहेर असते, आणि ते शोधल्याशिवाय तिसरे किट बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

जुना किट काढल्यावर तो मेकॅनिकजवळ सोडून देऊ नये. निदानाचा पहिला पुरावा तोच असतो. वीज जेथून किटमध्ये शिरते तेथे एक छोटा फ्यूज असतो आणि त्याच्या जवळ बटणासारखी, बहुधा निळी, गोल चकती असते. या चकतीला एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की ती स्वतः शॉर्ट होते, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पुढचा महागडा भाग वाचतो. ही चकती फुटलेली आणि फ्यूज काळा पडलेला असेल, तर व्होल्टेज जास्त आले होते हे नक्की समजावे. फ्यूज शाबूत आहे, चकती शाबूत आहे, पण डिस्प्ले लागत नाही किंवा फडफडतो, अशा वेळी कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) सुकलेला असण्याची शक्यता अधिक असते व दोष उष्णतेचा असतो. एखाद्या रिलेच्या (विजेने उघडझाप होणाऱ्या छोट्या स्विचच्या) पायाशी किटची पट्टी करपलेली असेल तर सैल जोडणी किंवा जास्त लोड, आणि तांब्याच्या रेषांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ओल, हे कारण धरून पुढे जावे. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात पाल किंवा मुंग्या शिरून दोन टोके जोडली गेल्याची उदाहरणेही कमी नाहीत; तेथे मेलेली पाल सापडली तर पुढील सर्व तपासणी बहुधा अनावश्यक ठरते, फक्त त्या कप्प्याला जाळी लावावी.

आता मुख्य कारणाकडे वळू. गावाच्या डीपीतून (ट्रान्सफॉर्मरच्या वितरण पेटीतून) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट असतात, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. खांबावरून आपल्या घराला एक फेज मिळतो, शेजारच्या घराला कदाचित दुसरा. जोपर्यंत सामाईक न्यूट्रल घट्ट आहे तोपर्यंत दोन्ही घरे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. डीपीजवळ किंवा मधल्या एखाद्या खांबावर तो न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, की मात्र ही दोन घरे जणू एकामागोमाग एक जोडली जाऊन त्या ४०० व्होल्टमध्ये अडकतात, आणि व्होल्टेजची वाटणी घरातील लोडवर ठरते. समजा एका घरात कूलर, पंखे आणि पाण्याची मोटर मिळून ९०० वॅटचा लोड चालू आहे आणि शेजारच्या घरात फ्रिज व दोन एलईडी बल्ब मिळून फक्त १०० वॅटचा. ढोबळ हिशेबाने पहिल्या घराला ४० व्होल्ट मिळतील आणि दुसऱ्याला ३६०. म्हणजे जो माणूस वीज जपून वापरतो त्याचाच फ्रिज जळतो. रात्री घरातले दिवे बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवणाऱ्या कुटुंबाला हा फटका का बसतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

३६० व्होल्टला किट का तग धरत नाही, तेही पाहू. किटमध्ये आलेली वीज प्रथम डीसी होते आणि तेव्हा तिचे शिखर मूळ आकड्याच्या सुमारे १.४१ पट असते. २३० व्होल्टला ते ३२५ होते आणि त्यासाठी बहुतेक किटमध्ये ४०० व्होल्टचा कपॅसिटर दिलेला असतो. लाईन २८५ व्होल्टपर्यंत चढली की हीच मर्यादा ओलांडली जाते. जुन्या फ्रिजमध्ये किटच नसल्यामुळे, फक्त कॉम्प्रेसर, रिले आणि थर्मोस्टॅट असल्यामुळे, तो असा झटका काही क्षण पचवू शकत असे. जुनी यंत्रे 'मजबूत' होती असे आपण म्हणतो त्यात एवढेच तथ्य आहे. विजेच्या बिलाच्या बाबतीत ती फारशी कौतुकास्पद नव्हती.

न्यूट्रलचा दोष ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. आपल्या घरातले दिवे एकाएकी पांढरेफटक होतात व पंखा सुसाट फिरतो, आणि त्याच क्षणी शेजारी 'आमच्याकडे डिम आहे' असे ओरडून सांगतो. असे दिसले तर पाच मिनिटे वाट पाहण्यात अर्थ नाही. मेन स्विच खाली ओढावा आणि लाईनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर 'डीपीचा न्यूट्रल तुटला आहे' असे नेमक्या शब्दांत कळवावे. 'लाईन कमी-जास्त होते' अशी मोघम तक्रार केली तर कोणी खांबावर चढत नाही. याउलट फक्त आपल्याच घरात सगळे दिवे मंद होतात किंवा लुकलुकतात, शेजारी मात्र काही फरक नाही, तेव्हा दोष आपल्या सर्व्हिस वायरमध्ये किंवा मीटरच्या टर्मिनलमध्ये असतो. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि आतली वायर तांब्याची असते. दोन्ही नुसत्या पिळून जोडल्या की त्या जागी ऑक्साइडचा थर जमतो, जोड गरम होतो आणि दरवर्षी आणखी सैल होतो. तेथे बायमेटल लग (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडणारे टोक) किंवा योग्य कनेक्टर बसवून घ्यावा. मीटरपर्यंतचे काम वीज कंपनीच्या माणसाकडूनच करून घेणे कायद्याने आणि जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

यानंतर मल्टीमीटरने तीन मोजमापे घ्यावीत. ज्या प्लगवर फ्रिज आहे तेथे फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे आकडे संध्याकाळी सात-आठच्या सुमारास आणि पुन्हा रात्री उशिरा लिहून ठेवावेत, कारण दुपारी एकदा मोजून 'लाईन बरोबर आहे' असा निष्कर्ष काढणे फसवे असते. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत असेल तर घरची वायरिंग ठीक समजावी. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वीस-तीस व्होल्ट दिसले तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा तो जास्त लोडखाली दबलेला आहे. फेज ते अर्थ मोजताना आकडा अगदीच कमी येतो किंवा भलताच हलतो, तर अर्थिंग केवळ नावापुरते आहे.

आपल्याकडे अर्थिंगची गोष्ट काळ्या जमिनीमुळे थोडी वेगळी होते. कपाशीची काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत ती आकसते, तिला हातभर भेगा पडतात आणि पुरलेल्या पाइपभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते, आणि मान्सूनपूर्व विजा कडाडतात त्या नेमक्या याच दिवसांत. म्हणून अर्थिंगचा खड्डा शक्य असेल तर न्हाणीच्या किंवा मोरीच्या सांडपाण्याजवळ, ओल टिकेल अशा जागी घ्यावा, पाइप निदान आठ फूट खोल जावा आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मिठामुळे लोखंडी पाइप लवकर गंजतो. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलेला खड्डा जास्त टिकतो. फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील, तर पुष्कळदा किटमधील फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारी गळती अर्थअभावी बॉडीवर साचलेली असते, आणि याचा उपाय अर्थिंग दुरुस्त करणे हाच आहे.

येथे एक सक्त सूचना द्यावीशी वाटते. काही वायरमन अर्थिंग मिळत नाही म्हणून प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांची तार जोडून देतात. मोजमाप लगेच 'बरोबर' दिसते, झिणझिण्याही थांबतात. परंतु बाहेरचा न्यूट्रल तुटला की त्या तारेतून पूर्ण व्होल्टेज फ्रिजच्या, मशीनच्या आणि कूलरच्या पत्र्यावर येते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या माणसाचा त्यात जीव जातो. आपल्या घरात अशी जोडणी केली आहे का, हे वायरमनला स्पष्ट विचारावे आणि असल्यास ती त्याच दिवशी काढावी. घराच्या मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, तो किटसाठी नव्हे, माणसांसाठी.

स्टॅबिलायझर लावला की सर्व प्रश्न सुटतात हा समज दूर करणे भाग आहे. साधा रिलेवाला स्टॅबिलायझर कमी व्होल्टेजवर चांगले काम करतो. लाईन डिम असताना फ्रिजमधून दर काही मिनिटांनी 'टक' असा आवाज येतो आणि तो चालू होत नाही, तेव्हा जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होण्याइतकी ताकद मिळत नसते व ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला तोडत असतो. या परिस्थितीत स्टॅबिलायझर हवाच. मात्र ज्या वस्त्यांवर शेतीपंपांचा भार पडतो तेथे एक अडचण होते. लाईन १५० व्होल्टवर असताना स्टॅबिलायझर तिला सुमारे १.४ पटीने वाढवून २१० करतो. पंप एकदम बंद झाले आणि लाईन २४० वर उसळली, तर रिले बदलेपर्यंतच्या क्षणात तीच पट लागू राहते आणि उपकरणाला ३३० च्या पुढे व्होल्टेज मिळते. न्यूट्रल तुटल्यावर येणाऱ्या ३६० समोर तर स्वस्त स्टॅबिलायझर स्वतःच जळतो. त्यामुळे मेन बोर्डवर एमसीबीच्या पेटीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. व्होल्टेज २६०-२७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेले की तो पुरवठा तोडतो आणि लाईन सुधारल्यावर ठरलेल्या विलंबाने पुन्हा जोडतो. हा विलंब किमान तीन मिनिटांचा ठेवावा, कारण कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. घरी दोन्ही लावायचे असल्यास प्रोटेक्टर आधी आणि स्टॅबिलायझर नंतर येईल असा क्रम ठेवावा.

आकाशातील विजेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. विजेचा अचानक आलेला झटका अर्थिंगकडे वळवणारे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस मिळते आणि चांगल्या अर्थिंगवर ते उपयोगी पडते, पण गडगडाट सुरू होताच प्लगची पिन काढणे हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. डिशची केबल टीव्हीतून काढायला लोक विसरतात, तीही काढावी.

उष्णतेचा दोष मात्र हळूहळू काम करतो आणि म्हणून लक्षात येत नाही. किटवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेले असते की तो १०५ अंश तापमानाला ठरावीक तास टिकेल; साध्या दर्जाच्या कपॅसिटरवर ८५ अंश असते. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, आणि १० अंशांनी वाढले की निम्मे. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या ४५ अंशांच्या दुपारी, टिनाच्या छपराखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रिजचे किट पुण्यातल्या फ्लॅटमधील त्याच मॉडेलपेक्षा आधी मरणार, यात नवल नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नये, मागची धूळ आणि कापसाची रुई वर्षातून दोनदा ब्रशने काढावी. सरकीच्या हंगामात ही रुई जाळीवर कशी बसते हे जिनिंगजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. किट दुरुस्त करवून घेताना सुकलेल्या कपॅसिटरच्या जागी १०५ अंशांचाच आणि जागा असल्यास ४५० व्होल्टचा कपॅसिटर बसवायला सांगावे. किमतीतला फरक चहाच्या पैशांइतका असतो.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, आणखी एक कारण जोडले जाते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वॉशिंग मशीनच्या खालच्या टर्मिनलवर सुकत राहतात, पिना गंजतात, आणि गंजलेली पिन तापून किटवरील रिले जाळते. पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हची जाळी क्षाराने बुजली की मशीन भरण्याची वाट पाहत राहते आणि व्हॉल्व्हची कॉइल तासन्तास चालू राहून शॉर्ट होते.

यावरून लक्षात येईल की किटला मारणारा शत्रू कधी कधी यंत्राच्या आतच असतो. नवे किट बसवण्यापूर्वी त्याला जोडलेला प्रत्येक लोड मोजलाच पाहिजे, आणि हे काम घाईत टाळले जाते. वॉशिंग मशीनच्या व्हॉल्व्हची आणि ड्रेन मोटरची कॉइल मल्टीमीटरवर तपासावी. इन्व्हर्टर फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. कोणत्याही दोन पिनांमधील रेझिस्टन्स तिन्ही जोड्यांत सारखाच आला पाहिजे आणि पिन ते बॉडी काहीच जोड दिसता कामा नये. एक जोडी वेगळी दिसली तर कॉम्प्रेसर बिघडला आहे व नवे किट काही दिवसांत जळेल. साध्या कॉम्प्रेसरमध्ये मात्र तिन्ही आकडे वेगवेगळेच असतात आणि सर्वांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका असतो. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगले कॉम्प्रेसर बाद ठरवले जातात. कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आलीच तर लेबलवर गॅस कोणता आहे ते वाचावे. आर ६०० ए हा ज्वलनशील गॅस आहे, आणि तो पाइपात असताना गॅस वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्या माणसाला घरात पाऊल ठेवू देऊ नये.

किट दुरुस्तीच्या बाबतीत फसवणूक कशी होते तेही सांगितले पाहिजे. फ्यूज उडाला आणि एमओव्ही फुटला, तर दोन्ही अगदी स्वस्त भाग असतात. काही ठिकाणी फुटलेली चकती काढून टाकतात, फ्यूजच्या जागी तांब्याची तार टाकतात आणि मशीन चालू करून देतात. ते चालतेही. पण पुढचा झटका येतो तेव्हा त्याला अडवणारे काहीच उरत नाही, आणि या वेळी पॉवर आयसी व कॉम्प्रेसर चालवणारे मॉड्यूल यांसह सगळे किट जळते. दुसऱ्यांदा जळालेल्या किटवर अशी तार दिसली तर पहिल्या दुरुस्तीचेच ते फळ आहे. दुरुस्त केलेले किट परत घेताना फ्यूज त्याच अँपिअरचा आहे का, आणि चकतीवर जुन्यासारखाच क्रमांक (पुष्कळदा १४डी४७१के) आहे का, हे स्वतः पाहावे. चांगला कारागीर दुरुस्त किट प्रथम सिरीज बल्बवर, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत एक बल्ब जोडून, तपासतो: बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लखलखीत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. किट उघडताना मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, तेव्हा हे काम हौसेने करू नये.

बऱ्याच ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचे किट पारदर्शक किंवा काळ्या रेझिनमध्ये बुडवलेले असते. ओल व मुंग्यांपासून ते वाचते हे खरे, परंतु दहा रुपयांचा भाग गेला तरी तो काढता येत नाही आणि संपूर्ण किट घ्यावे लागते. ही रचना मला मान्य नाही. फ्यूज आणि एमओव्ही रेझिनच्या बाहेर ठेवणे उत्पादकाला अवघड नव्हते. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेलची विक्री संपल्यानंतरही किमान १० वर्षे आणि फ्रिजचे किमान ७ वर्षे मिळाले पाहिजेत असा नियम केला, आणि फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आहे, जेथे सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती मिळते.

नवीन यंत्र घ्यायची वेळ आल्यास दुकानदाराला स्टार किती हे विचारण्याबरोबरच तीन गोष्टी बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर लिहून मागाव्यात. कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत असते, पण किटवर किती, हे बारीक अक्षरांत असते आणि ते बहुधा एक वर्ष असते. त्या मॉडेलचे किट वेगळे विकत मिळते का व आज त्याची किंमत काय, हे सेवा केंद्राला फोन करून विचारावे. किट यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून महाग असेल तर ते मॉडेल सोडून द्यावे. सर्व्हिसचा माणूस आपल्या तालुक्यात येतो की जिल्ह्याच्या ठिकाणाहून, हे तिसरे. ज्या घरात लाईनचा भरवसा नाही तेथे मी आजही दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशीनच सुचवतो, कारण तिचा टायमर, कपॅसिटर, बेल्ट आणि सील तालुक्याच्या बाजारात मिळतात, आणि नसल्यास नागपूरच्या सीताबर्डीतून येणाऱ्या पार्सलमध्ये दोन दिवसांत हाती पडतात. वॉरंटीच्या मुदतीत कंपनीने 'व्होल्टेजमुळे जळाले' एवढ्याच शब्दांत हात झटकले, तर तंत्रज्ञाकडून कारणासह लेखी अहवाल मागावा, आपण नोंदवलेले व्होल्टेजचे आकडे व प्रोटेक्टरचे बिल त्याला जोडावे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जळालेले किट निकाल लागेपर्यंत आपल्याच ताब्यात ठेवावे आणि कंपनीने मागितलेच, तर त्याची पावती घेऊनच द्यावे.